थांबवा म्हटल्यावर

१

छातीचे फोटो काढण्यात माझी तेरा वर्षं गेली. फोटो काढणं सोपं असतं, अवघड असतं ते माणसाला श्वास थांबवायला लावणं. 'थांबवा' म्हटलं की कोणी डोळे मिटतं, कोणी गाल फुगवतं, कोणी मुठी आवळतं. जे थांबवायचं ते सोडून बाकी सगळं थांबवतात. चिडून उपयोग नसतो, तरी मी चिडते. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर म्हणतात, तुमचा आवाज जिन्यापर्यंत येतो.

गेल्या वर्षी आमच्या रुग्णालयात नवं यंत्र आलं. चाकांवरचं, लांब मानेचं. पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'उंट' पडलं. जुन्या यंत्रात एक फोटो निघायचा. उंट वीसेक सेकंदांचा हलता फोटो काढतो. छाती फुगताना दिसते, बसताना दिसते, फुफ्फुसांखालचा पडदा वरखाली होताना दिसतो. सगळ्यात फुगलेली छाती आणि सगळ्यात बसलेली छाती यांतला फरक मोजून उंट शेवटी एक आकडा देतो, की बुवा या माणसाची फुफ्फुसं इतके टक्के चालतात. ज्यांना खाली जाऊन नळीत फुंकायच्या तपासणीला बसवत नाही, त्यांच्यासाठी हे वरदान आहे, असं आमचे छातीचे डॉक्टर म्हणतात. ते वरदान ढकलत न्यायला मी असते. लिफ्टचा दरवाजा आणि उंट यांच्या मापात दोन बोटांचा फरक आहे आणि ती दोन बोटं रोज माझीच चेंगरतात.

कामाची पद्धत ठरलेली. माणसाच्या पाठीखाली पाटी सरकवायची, अंगात शिशाचा एप्रन चढवायचा, सहा पावलं मागे जायचं, बटण दाबून धरायचं, ते सोडेपर्यंत यंत्र चालू राहतं, आणि म्हणायचं, "श्वास घ्या. सोडा. घ्या. सोडा. आता थांबवा." पाच-सहा सेकंदांनी "सोडा." संपलं. थांबवलेल्या वेळात काही हलत नाही, म्हणून स्क्रीनवर चित्राखालच्या श्वासाच्या आलेखात तिथे सपाट रेघ येते. ती रेघ नसेल तर यंत्र आकडाच देत नाही, 'अपूर्ण' म्हणून परत पाठवतं.

बारा नंबरची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. एक खाट, एक खुर्ची, मोठी खिडकी. भरपूर उजेड. तिथे तेव्हा एक मास्तर होते, आयुष्यभर शाळेत भाषा शिकवलेले. मी 'उताणं झोपा' म्हटलं की 'उताणे' म्हणून दुरुस्त करायचे. त्या दिवशी सकाळी दहाला मी त्यांचा फोटो काढला आणि स्क्रीनवर बघते तर 'थांबवा' म्हटल्यानंतरची रेघ सपाट नव्हती. चढत गेली होती.

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही श्वास घेतलात. ते म्हणाले, नाही घेतला. पुन्हा काढला. पुन्हा तेच. फोटो दोनदा काढला की का काढला ते रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. मी नेहमीचं वाक्य लिहिलं: रुग्णाचे सहकार्य नाही. मास्तरांनी ते खाटेवरून उलटं वाचलं.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे खोटं आहे, मॅडम."

२

कोणी मला खोटं पाडलं की मला चैन पडत नाही. दोन दिवसांनी मास्तरांचा पुन्हा फोटो होता, तेव्हा मी खालून नाकाला लावायचा चिमटा घेऊन गेले. नळीत फुंकताना लावतात तो. तो त्यांच्या नाकाला लावला, ओठ घट्ट मिटायला सांगितले. मनात म्हटलं, आता बघू कुठून घेता ते. आणि 'थांबवा' म्हटल्यावर स्क्रीनकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिले.

नाक बंद होतं. ओठ बंद होते. सदऱ्याच्या नाडीची गाठ छातीवर आली होती, ती जागची हलली नाही. फक्त डोळे माझ्याकडे लागले होते. उत्तर येतंय पण बोलायची परवानगी नाही, अशा मुलाचे असतात तसे.

मी 'सोडा' म्हटलं आणि मग चित्र पाहिलं. 'थांबवा'नंतर दोन सेकंद सगळं स्थिर. मग पडदा आधी डावीकडून खाली सरकला, मग उजवीकडून, आणि दोन्ही फुफ्फुसं हळूहळू काळी होत गेली. आमच्या चित्रात हवा काळी दिसते. चोरून घेतलेला श्वास मी ओळखते, तो झटक्याने येतो आणि अर्ध्यात अडकतो. हा तसा नव्हता. हा आरामात घेतलेला श्वास होता.

चिमटा काढल्यावर मास्तर बराच वेळ धापा टाकत राहिले. मी पाणी दिलं. मग ते म्हणाले, "एक विनंती आहे. तेवढं थांबवा म्हणत जाऊ नका. मी थांबलो की घेतला जातो."

"काय घेतला जातो?"

"श्वास."

"कोण घेतं?"

ते हसल्यासारखं करून म्हणाले, "कर्मणी प्रयोगात कर्ता सांगितलाच पाहिजे असं नसतं."

मला त्यांचा राग आला. माझे आणखी नऊ फोटो बाकी होते आणि हे मला व्याकरण शिकवत होते.

दुपारी मी डॉक्टरांना सांगितलं की बारा नंबरची रेघ बरोबर येत नाही. त्यांनी अहवाल उघडला. सुरुवातीची दोन सेकंदांची सपाट रेघ उंटाला पुरली होती, आकडा होता चौसष्ट. आठवड्यापूर्वी, बारा नंबरमध्ये यायच्या आधी, एक्केचाळीस होता. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, औषध लागू पडलंय, उद्यापासून ऑक्सिजन कमी करू. मी म्हटलं, पण त्यांना दम पुरत नाही असं ते सांगतात. डॉक्टर म्हणाले, सवय झाली की माणूस नळी सोडायला घाबरतो. बोटाला लावलेलं यंत्रही त्र्याण्णव-चौऱ्याण्णव दाखवत होतं, ना धड चांगलं, ना धड वाईट. मी पुन्हा रेघेचं काढलं तेव्हा ते म्हणाले, अहो, रेघेचं काय घेऊन बसलात, आकडा बघा ना.

३

मी कंपनीकडे तक्रार केली. दुरुस्तीवाला अकरा दिवसांनी आला. आल्या आल्या त्याने उंटाच्या मानेला थोपटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू बिचाऱ्याचे मीच हाल करत होते. खाली आमच्या खोलीत त्याने प्लास्टिकची छाती ठेवून दहा वेळा तपासणी केली. दहाही वेळा स्वच्छ. मग त्याने मला समजावलं की आधीच्या माणसाचं चित्र कधीकधी पाटीवर पुसट राहून जातं आणि पुढच्यात मिसळतं. मी विचारलं, हलतं चित्र राहून जातं? वाट बघून, बरोबर थांबवा म्हटल्यावर सुरू होतं? तो म्हणाला, मॅडम, यंत्र यंत्र असतं.

मी म्हटलं, एकदा वर बारा नंबरमध्ये चला. त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं. त्याने पाटी बदलली, कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. मी सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या दोन प्रतींवरही ती उमटली.

नवी पाटी घेऊन मी लगेच वर गेले. आधी अकरा नंबर, मग नऊ, मग सात. सगळीकडे रेघ फूटपट्टीने मारावी तशी सपाट. मग बारा. तिथे खाटेवर चादर घट्ट खोचलेली होती. सिस्टर खिडकी पुसून घेत होत्या.

मास्तर सकाळीच गेले होते. ऑक्सिजन कमी करत आणल्याला दहा दिवस झाले होते. सिस्टर म्हणाल्या, शांत गेले, फक्त शेवटी शेवटी सारखे तोंड उघडत होते, मासा उघडतो तसे, आणि आवाज काही येत नव्हता. त्यांच्या शेवटच्या अहवालावरचा आकडा एकाहत्तर होता. तो फोटो मीच काढला होता. 'थांबवा'ही मीच म्हटलं होतं.

४

मास्तरांच्या जागी शिलाईकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. मास्तर उंच, किडकिडीत. मावशी बुटक्या, अंगाने भरलेल्या. आजारही वेगळा. त्यांच्या फोटोतही 'थांबवा'नंतर रेघ चढली.

तेव्हा मी पहिल्यांदा दोन्ही रेघा कागदावर छापल्या आणि त्या एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. सुरुवातीचे श्वास जुळत नव्हते, ते जुळणारही नव्हते. मास्तरांचे लांब, मावशींचे तुटक. पण शेवटचा चढ तंतोतंत जुळत होता. दोन सेकंद वाट, मग डावीकडून सुरुवात, मधे एक बारीकसा अडखळा, मग पुन्हा वर. ती एकच रेघ होती.

मी खुर्चीत बसले आणि शहाण्या माणसासारखा विचार करायला लागले. यंत्र बदललं नाही पण पाटी बदलली. माणूस बदलला. आजार बदलला. बदलली नाही ती खोली. खोलीत काय असतं? भिंती, खिडकी, लोखंडी खाट. खाटेला हादरे बसत असतील. खाली पाण्याचा पंप असेल. मी जाऊन पाहून आले, पंप इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होता. शिवाय खाट हलली तर फासळ्याही हलतील. फासळ्या स्थिर होत्या. आणि आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती आली नसती तर बरं झालं असतं असं आता वाटतं. त्या श्वासाला नुसता चढ होता. उतार असायचा तो मी 'सोडा' म्हटल्यावरच. तोपर्यंत ते जे काही होतं ते आत घेऊन थांबायचं. मावशींपेक्षा नीट सांगितलेलं ऐकायचं.

दोन्ही कागद घेऊन मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. त्यांना सगळे साहेब म्हणतात. नियमाचा पक्का माणूस, टेबलावर पेन्सिलीसुद्धा लांबीप्रमाणे लावलेल्या. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि माझं रजिस्टर मागवलं. महिन्यात सतरा फोटो पुन्हा काढलेत, सगळे बारा नंबरमधले. रुग्णाच्या अंगावर विनाकारण किरण जातात, याचं भान आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, मी तेच सांगतेय. ते म्हणाले, तुम्ही सांगत नाही आहात, तुम्ही कारणं देताय. संध्याकाळी माझ्या नावाने ताकीद निघाली. कारण: कामात हलगर्जी.

मावशी नवव्या दिवशी गेल्या. आकडा अडुसष्ट.

५

माझा दादा सुतार आहे. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्याने शाळा सोडली म्हणून माझी झाली. चाळीस वर्षं लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास छातीत भरून घेतला, त्याची फुफ्फुसं आता वाळलेल्या स्पंजासारखी झाली आहेत. पावलं टाकतानाही थांबावं लागतं. मावशी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी त्याला घेऊन आमच्याकडे आली. मजल्यावर खाट एकच रिकामी होती.

मी दाखल करून घेणाऱ्या बाईंच्या हातापाया पडले. डॉक्टरांना भेटले. दुसरीकडे कुठेही टाका म्हटलं, बाहेर व्हरांड्यात टाका. डॉक्टरांनी विचारलं, का? माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. जे होतं ते सांगितलं असतं तर त्यांनी मलाच दाखल करून घेतलं असतं. वहिनी वैतागून म्हणाली, वन्सं, इतकी हवेशीर खोली, एकट्याला अख्खी मिळतेय, लोक ओळख लावून मागतात आणि तुम्ही आहात की नकोचा पाढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाच्या पाठीखाली पाटी सरकवली. ठरवलंच होतं. "घे. सोड. घे. सोड," एवढंच म्हणत राहिले वीस सेकंद. सगळं सरळ होतं. वाईट, पण सरळ. पडदा जेमतेम बोटभर हलत होता. उंटाने दुपारी अहवाल परत केला: अपूर्ण. डॉक्टरांचा फोन आला. तेरा वर्षं काम करता आणि श्वास थांबवायला सांगायचं विसरता?

मी पुन्हा वर गेले. दादा म्हणाला, चिमे, किती फोटो काढशील, लग्नात नव्हते एवढे काढले. मी हसले. बटण दाबलं. घे, सोड, घे, सोड. आणि मग ते म्हटलं.

दोन सेकंद काही नाही. मग डावीकडून सुरुवात झाली.

आकडा आला सहासष्ट. डॉक्टरांनी संध्याकाळच्या फेरीत दादाच्या पाठीवर थाप मारली आणि ऑक्सिजनची चकती एका खुणेने खाली आणली. मी तिथेच उभी होते. ते गेल्यावर दादाने मला जवळ बोलावलं. त्याला वाक्य तोडत तोडत बोलावं लागत होतं.

"सामाईक विहीर असावी तसं वाटतंय गं. मी पोहरा सोडतो. वर येईपर्यंत निम्मं पाणी कोणी काढून घेतलेलं असतं."

मी चकती पुन्हा वर केली. सिस्टरनी पाहिलं. रात्रपाळीच्या सिस्टर कागदाप्रमाणे ती पुन्हा खाली करणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

६

उंटात एक सोय आहे. श्वास कुठे सुरू झाला आणि कुठे संपला या खुणा यंत्र स्वतः लावतं, पण त्या हाताने सरकवता येतात. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत मी त्या सरकवल्या. 'थांबवा'नंतरचा चढ मोजणीतून बाहेर काढला आणि जिथे सगळं स्थिर होतं त्या दोन सेकंदांनाच सपाट रेघ म्हणून दाखवलं. आकडा आला तेहेतीस. मी सही केली.

तेरा वर्षांत मी अहवालाला असा हात लावला नव्हता.

सहासष्टवरून एका दिवसात तेहेतीस, हे पाहून डॉक्टर धावतच वर आले. तासाभरात दादाला दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात हलवलं. तिथे तिसऱ्या दिवशी मी त्याचा फोटो काढला, खुणांना न शिवता. मी म्हटलं, थांबव. त्याने थांबवलं. रेघ सपाट. शेवटपर्यंत सपाट. आकडा चौतीस. इतका वाईट आकडा पाहून कोणी आनंदाने रडलं नसेल. मी उंटाच्या मानेवर डोकं टेकवून रडले.

दादा पाच आठवड्यांनी घरी गेला. अजून आहे. खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असतं आणि तो त्याच्यावर आवाज चढवून वहिनीशी भांडतो.

मी मात्र सापडले. खुणा कोणी, कधी सरकवल्या याची नोंद यंत्र ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं. साहेबांनी बोलावलं. छातीचे डॉक्टरही बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले, तुमच्या भावासाठी तुम्ही माझ्या हातात खोटा आकडा दिलात. मी म्हटलं, डॉक्टर, त्या खोलीतून तुमच्या हातात आलेला तेवढा एकच खरा होता.

मग मी सगळं सांगितलं. कागद टेबलावर पसरले. मास्तरांचा, मावशींचा, दादाचा. तिन्ही रेघा एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"हे आत्ता निकालात काढू," ते म्हणाले. "बारा नंबरची खाट रिकामीच आहे, मी झोपतो तिच्यावर. मी धडधाकट माणूस आहे, रोज सकाळी तासभर चालतो. रेघ सपाट आली की तुम्ही राजीनामा लिहायचा."

मी म्हटलं, साहेब, राजीनामा आत्ता लिहून देते, पण तुम्ही झोपू नका. ते उठून चालायलाही लागले होते.

७

सकाळचे पावणेबारा झाले होते. खिडकी उघडी होती, खाली आवारात कोणी पाइपने गाडी धूत होतं. खोलीत इतका लख्ख उजेड होता की मला माझीच लाज वाटली. साहेबांनी कोट खुर्चीच्या पाठीला लावला, चष्मा काढून खिशात ठेवला, सदऱ्याची बटणं काढली आणि पाटीवर पाठ टेकली. थंड आहे, म्हणाले.

बटण धरायला मी नकार दिला. ते डॉक्टरांनी घेतलं. आम्ही दोघं एप्रन घालून सहा पावलं मागे, दाराशी उभे राहिलो. स्क्रीन आमच्या समोर.

डॉक्टर म्हणाले, "श्वास घ्या. सोडा." निरोगी माणसाची छाती बघायला छान वाटते. पडदा चांगला चार बोटं खाली जात होता, कुठे अडत नव्हता. "घ्या. सोडा. थांबवा."

एक. दोन.

डावीकडून सुरुवात झाली.

डॉक्टरांनी श्वास ओढल्याचं मला ऐकू आलं. स्क्रीनवर फुफ्फुसं काळी होत चालली होती. सावकाश, मधे तो अडखळा, मग पुन्हा वर. मास्तरांची आजारी छाती होती, मावशींची होती, दादाची होती; त्यांत जागा बेताचीच होती. इथे जागा भरपूर होती. ती वाढतच गेली. पडदा चार बोटांच्या खाली गेला, पाच, आणखी खाली.

डॉक्टर 'सोडा' म्हणायला विसरले होते. त्यांचा अंगठा बटणावर तसाच होता.

खाटेवर साहेब निपचित पडले होते, नियमाप्रमाणे. चेहरा लाल झाला होता. मग त्यांनी एक हात जरासा वर उचलला. घेऊ का, असं विचारल्यासारखा. कोणी काही बोललं नाही, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. काही आत गेलं नाही. तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज नव्हता. खाली पाइपचं पाणी पत्र्यावर आपटत होतं, ते ऐकू येत होतं, आणि या माणसाचं काही ऐकू येत नव्हतं.

'सोडा' हा शब्द मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते. तो माझ्या जिभेवर आला होता. पण तो ऐकणारे साहेबच असतील याची मला खात्री वाटेना. मी तो तसाच गिळला आणि धावले. साहेबांच्या काखेत हात घालून त्यांना खाटेवरून खेचलं. ते अंगाने जड, माझ्यासकट खाली आले. फरशीवरून ओढत मी त्यांना दाराबाहेर नेलं. उंबरा ओलांडला आणि त्यांचा श्वास आला. लाकूड उभं चिरताना होतो तसा आवाज करत आला.

सिस्टर धावत आल्या. डॉक्टर अजून आतच उभे होते, बटण हातात धरून.

८

साहेब दोन दिवस रजेवर होते. परत आल्यावर माझी ताकीद मागे घेतल्याचा कागद टेबलावर आला. त्यावर कारण नव्हतं. त्या सकाळबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. जिने आता ते फार हळू चढतात.

बारा नंबरला डॉक्टरांनी स्वतः कुलूप लावलं. खोली बंद करायची तर अर्ज भरावा लागतो, तो मला भरायला दिला. कारणाच्या रकान्यापाशी मी पाऊण तास बसले. शेवटी त्यांनीच माझ्या हातून पेन घेऊन लिहिलं: भिंतींना ओल. मी विचारलं, मास्तरांचा आणि मावशींचा अहवाल दुरुस्त करणार का? त्यांच्या घरच्यांना वाटतंय, माणूस बरा होत आला होता आणि गेला. डॉक्टर म्हणाले, दुरुस्त करतो, पण काय म्हणून करू ते तुम्ही सांगा. त्यांच्यावर इतकं चिडावंसं वाटत होतं आणि चिडायला जागा सापडत नव्हती.

साहेबांचा तो फोटो डॉक्टर पुसून टाकणार होते. त्याआधी मी एकदाच तो शेवटपर्यंत पाहिला. डॉक्टरांनी बटण सोडलं नव्हतं, त्यामुळे मी साहेबांना ओढून नेलं तेव्हाही यंत्र चालूच होतं. शेवटचे चार सेकंद. साहेबांच्या फासळ्या उजवीकडे सरकल्या. मग मणका सरकला, हृदयाची सावली सरकली, खांद्याचं हाड गेलं. मधेच माझा हात येऊन गेला, बोटातल्या अंगठीसकट. सगळं चित्राच्या कडेबाहेर गेलं.

फुफ्फुसं गेली नाहीत. रिकाम्या खाटेवर, पाटीच्या मधोमध, दोन्ही होती तिथेच होती. भोवतीच्या रिकाम्या काळ्याहूनही काळी, काठोकाठ भरलेली, आणि थांबलेली.

त्या दिवशी त्यांना थांबवा म्हटलं गेलं. सोडा अजून कोणी म्हटलेलं नाही.